आश्रुबा सरांचा फळा आणि बायनाबाईची ओवी

आश्रुबा सरांच्या गळ्यात तीन माणसं राहत होती. पहिला माणूस फळ्यापुढं बोलायचा, कडक इस्त्रीचा: "विद्यार्थी मित्रांनो, सदरहू घटनेचे परिणाम अत्यंत दूरगामी झाले." दुसरा घरच्या ओसरीवर बोलायचा, अस्सल झरी गावचा: "माये, च्या झाला का न्हाई? कवाधरनं बसायलोय मी हितं." आणि तिसरा, सरांना फार आनंद झाला की पहिल्या दोघांना कोपरानं ढकलून बाहेर यायचा. तो उर्दू बोलायचा. "सुभानल्ला! क्या बात है! तमाम पोरांनो, जरा मुलाहिजा फर्माइए!"

याला कारण होतं. सर सातवीपर्यंत शिकले ते निजामाच्या राज्यात, उर्दूतून. वर्गाच्या दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसून शिकले, पण शिकले. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, शाळा मराठी झाली, सरही मराठी झाले. फक्त आनंदाची भाषा तेवढी बदलायची राहून गेली.

झरीच्या हायस्कुलातलं प्रत्येक पोर सरांची नक्कल करायचं. सोपी होती. खडू कानावर ठेवायचा, धोतराचा सोगा डाव्या हातात धरायचा, टाचांवर उभं राहून डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "म्हंजे काय? म्हंजे असं की..." सरांना हे माहीत होतं. एकदा त्यांनी दाराआडून एका पोराची नक्कल पुरी ऐकली आणि आत येऊन म्हणाले, "सोगा डाव्या हातात रे बाबा. उजव्यात खडू असतोय."

चौऱ्याहत्तर साली नववीचं इतिहासाचं नवं पुस्तक आलं. त्यात एक धडा होता, नाव 'प्रबोधन'. त्या दिवशी सर वर्गात आले ते चालत नव्हे, उडत.

"विद्यार्थी मित्रांनो," पहिल्या माणसानं सुरुवात केली, "युरोपात एक असा काळ येऊन गेला, की विसरलेली चित्रं, विसरलेले पुतळे, विसरलेली गाणी आणि पोथ्या पुन्हा वर आल्या. आणि त्यांच्या खांद्यावर पाय देऊन नवी चित्रं, नवी गाणी उभी राहिली. या काळाला नाव काय? हे पुस्तक म्हणतं, प्रबोधन." फळ्यावर पहिला शब्द पडला. "जुनं पुस्तक म्हणायचं, पुनरुज्जीवन." दुसरा पडला. "परभणीच्या शिबिरात एक साहेब आले होते, त्यांनी ओठांचा असा चंबू केला आणि म्हणाले, रेनेसाँ." सरांनी चंबू करून दाखवला, तसे सगळ्या वर्गानं चंबू केले. तिसरा शब्द फळ्यावर गेला. मग सर टाचांवर उभे राहिले, डोळे मिटले आणि तिसरा माणूस बाहेर आला. "आन आमच्या मौलवी साहेबांनी शिकवलं ते, नशात-ए-सानिया! म्हंजे काय? म्हंजे असं की, दुसरी उभारी! सुभानल्ला!"

चार शब्द एकाखाली एक. सर मागं सरकून त्यांच्याकडं असे बघू लागले, जशी आई न्हाऊ घातलेल्या लेकरांकडं बघते.

"एका काळाला चार नावं! घरात चार नावं कुणाला असतात रे? शेंडेफळाला. कुणी बाळ्या म्हणतंय, कुणी सोन्या, कुणी ढब्बू. ज्याच्यावर जीव लय, त्याला नावं लय."

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे आपल्या झरीला कवा येनार हाय?"

"जिंतूरच्या यष्टीनं!" दुसरं एक पोर ओरडलं.

वर्ग फुटला. सरही हसले, पोटभर हसले. पण तास सुटल्यावर वऱ्हांड्यातून जाताना त्यांचं हसू हळूहळू ओठांवरून उतरलं. कवा येणार हाय? प्रश्न काही वाईट नव्हता.

शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तर भगवानराव तंबाखू मळत होते. भगवानरावांचं बोलणं आणि तंबाखू एकत्रच चालायचं. दोन शब्द, एक थाप. "आश्रुबा सर, गॅदरिंग..." थाप. "जवळ आलं. आं?" थाप. "औंदा नाटक बसवायला..." थाप. "पैसा न्हाई. काय करावं?"

सरांच्या डोक्यात अजून चार शब्द वाजत होते. "गाणी ठेवा सर! झरीची गाणी! माझ्या मायचा गळा ऐकला न्हाई तुमी. ती खुरपताना ओवी म्हनायची तर रस्त्यानं चाललेल्या गाड्या थांबायच्या. बैल आपोआप थांबायचे, बैल!"

"मग आना की..." थाप. "बाईला श्टेजवर."

"आनतो!" आश्रुबा सर म्हणाले.

शब्द तोंडातून सुटला आणि सरांनी जीभ चावली. कारण त्यांच्या मायनं, बायनाबाईंनी, गेल्या अठरा वर्षांत एक ओळही म्हटली नव्हती.

भगवानराव बोलायला सावकाश, पण कामाला वाघ. संध्याकाळपर्यंत चावडीच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: रविवारी दुपारी चार वाजता, शाळेच्या मैदानात, बायनाबाई यांचे गायन.

बायनाबाईंनी गाणं का सोडलं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला. एका सकाळी सगळ्या घरांतले देव टोपल्यांत भरले, टाक, मुखवटे, शेंदरी गोटे, आणि सगळी वस्ती दुधना नदीवर गेली. एकेक जण पाण्यात उतरायचा आणि टोपली सोडायचा. आश्रुबा सरांचे वडील मुंजाजी यांनी आपला डफही सोडला. तो थोडा वेळ तरंगला, फिरला आणि गेला. मग बायनाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात टोपली नव्हती. घरचे देव नवऱ्यानंच सोडले होते. त्या म्हणाल्या, "माझ्या समद्या गान्यांत देवच देव हायेत. एका बी ओवीत देव न्हाई असं न्हाई. मंग ही बी गेली." असं म्हणून त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ भरली आणि प्रवाहात टाकली. गाणी गेली. वस्तीत टोपल्या सोडणारे पुष्कळ होते. गळा सोडणारी ही एकटी.

तोवर बायनाबाई खुरपणीची राणी होती. खुरपताना बाया ओळीनं बसतात आणि एक जण ओवी टाकते. तिच्या शेजारणीनं ती झेलून पुढची म्हणायची. झरीच्या बायांचा यात एकच कायदा होता: टाकलेली ओवी भुईला पडू द्यायची न्हाई. झेलली नाही, की सगळी ओळ "पडली, पडली!" म्हणून ओरडायची आणि त्या बाईचा दिवस टोमण्यांत जायचा. बायनाबाईंच्या शेजारी कायम सुलाबाईची ओळ असायची. सुलाबाई शेतकऱ्याच्या घरची, वावर तिचंच. पाण्याच्या घागरी दोघींच्या वेगळ्या, ओवी मात्र दोघींत एकच, इकडून तिकडं फिरणारी. दुधनेनंतर सुलाबाईनं ओवी टाकली तेव्हा बायनाबाई खुरपं उचलून उठल्या आणि पार बांधाकडच्या शेवटच्या ओळीला जाऊन बसल्या. तिथवर ओवी पोचत नाही. तेव्हापासून त्यांची ओळ तीच.

तर अशा बाईला मुलानं श्टेजवर आणतो म्हणून सांगितलं होतं.

सर घरी आले तेव्हा बायनाबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या.

"माये, गॅदरिंगला तुला गायचंय."

सूप थांबलं नाही. "कोन म्हन्तंय?"

"मी."

"मग तूच गा."

चुलीपुढून सरांच्या बायकोनं, पार्वतीबाईनं मान वळवली. "त्यांनी गायलं तर म्हशी आटतील, आत्याबाई."

"गप ऱ्हा गं. माये, चावडीवर लिवलंय तुझं नाव."

"पुसता येतंय खडूचं."

सर पाटावर बसले. सोगा डाव्या हातात आपोआप आला. "ऐक तर. आमच्या पुस्तकात एक धडा हाय. पुनरुज्जीवन. म्हंजे काय? म्हंजे असं की, मेलेल्याला परत जित्तं करायचं."

"त्याला भूत म्हन्तेत, बाबा," बायनाबाई म्हणाल्या. "आन भुतंखेतं मानू नका, असं दर जयंतीला माईकवर कोन वरडायलंय? तूच ना?"

पार्वतीबाई पदर तोंडात कोंबून हसली.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. नशात-ए-सानिया."

"नशा तुझ्या बापाला पुरी हुती. फुडं."

"रेनेसाँ!"

"तोंड नीट कर आधी. चंबू कामून केलास?"

"प्रबोधन!" सर जवळजवळ ओरडले. "जागं करनं! झोपलेल्याला जागं करनं!"

आता सूप थांबलं. बायनाबाईंनी ते मांडीवर ठेवलं आणि लेकाकडं नीट बघितलं.

"झोपलं असंल त्याला जागं करतेत, आश्रुबा. माझं झोपलेलं न्हाई. मी ते समद्यांदेखत सोडलंय. उद्या कुनी खंडोबाचा टाक परत आनून देवळीत मांडला, तर तू काय म्हनशील त्याला? घे बाबा, तुझं पुनरु... काय ते झालं, असं म्हनशील?"

सरांनी हातातला सोगा सोडून दिला. म्हातारी बरोबर बोलत होती, हेच तर अवघड होतं. तिनं शब्द दिला होता आणि तो पाळला होता. पण सरांच्या मनात दुसरीच कळ उठली होती. बायनाबाईंना आता चढावर दम लागायचा. उद्या त्या गेल्या, तर तो आवाज कसा होता हे सांगायला फक्त आपण राहू. आणि आपण तर म्हशी आटवणारे.

"गाऊ नको," शेवटी सर म्हणाले. "नुसती येऊन बस. माझी लाज ऱ्हाईल."

"येते. बसते. तोंड उघडनार न्हाई."

रविवारी मैदान तुडुंब भरलं. पोखर्णीहून बैलगाड्या आल्या होत्या, कारण बैल थांबवणाऱ्या गळ्याची गोष्ट भगवानरावांनी दोन शब्द एक थाप करत सगळीकडं पसरवली होती. बायांसाठी दोन सतरंज्या होत्या. एकीवर गावातल्या बाया बसल्या, दुसरीवर वस्तीतल्या. कुणी ठरवलं नव्हतं, तशाच बसल्या. मध्ये हातभर मोकळी जागा. वस्तीच्या सतरंजीवर पुढंच बायनाबाई, निळं लुगडं, ओठ घट्ट मिटलेले. गावच्या सतरंजीच्या कडेला सुलाबाई.

पोरांची भाषणं झाली, लेझीम झाली. मग माईकवर भगवानराव आले. "आता..." थाप. माईकमुळं ती थाप गोळी सुटल्यासारखी वाजली आणि दोन लेकरं रडायला लागली. "आता आश्रुबा सर..." थाप. "बोलतील."

सर उभे राहिले. पहिल्या माणसाला बोलावलं. "बंधू आणि भगिनींनो, सदरहू कार्यक्रमाबाबत एक खुलासा..."

"बाई कुटंय?" गर्दीतून कुणीतरी.

दुसऱ्याला बोलावलं. "आता बगा, त्याचं असं झालंय मंडळी..."

"बैल थांबवा, बैल!"

तिसऱ्याला बोलावलं. "मुलाहिजा..." पुढं काहीच नाही. तोही पळाला. हजारभर डोळे समोर आणि सरांच्या गळ्यात एकही माणूस शिल्लक नाही. अशा वेळी माणूस काय करतो ते ज्याचं त्यालाच कळतं. सरांनी कानावरचा खडू काढला, हातात घट्ट धरला, टाचांवर उभे राहिले, डोळे मिटले आणि कधी कुणी ऐकला नव्हता असा चौथाच आवाज बाहेर आला. सर गायला लागले.

"फळ्यावर लिवले बाई, चार शबूद मोठंमोठं,
सांग माझे मायबाई, तुझं गानं गेलं कुटं?"

आवाज म्हणजे चढावर गिअर बदलणारी एसटी. मैदान क्षणभर थक्क झालं आणि मग असं हसलं, असं हसलं की पिंपळावरचे कावळे उडाले. मागच्या बाकावरची पोरं तर एकमेकांच्या पाठीवर लोळली. पार्वतीबाईनं कपाळाला हात लावला.

पण बाया हसल्या नाहीत. दोन्ही सतरंज्यांवरच्या माना वर झाल्या. कारण गळा कसाही असो, चाल खुरपणीची होती आणि ओवी टाकली गेली होती. ती आता मैदानावर लोंबकळत होती, आणि सगळ्यांना माहीत होतं ती कुणाच्या पुढ्यात आली आहे ते. इथं उठून बांधाकडं जायला जागा नव्हती. पुढं श्टेज, मागं गाव.

"पडायली गं..." गावच्या सतरंजीवरून कुणीतरी पुटपुटलं.

"पडायली..." वस्तीच्या सतरंजीवरून.

सुलाबाई गुडघ्यांवर पुढं सरकली होती. तिचे डोळे बायनाबाईंच्या ओठांवर. तिनं झेलली असती तर चाललं असतं. तिनं झेलली नाही.

बायनाबाईंचा उजवा हात हलला. खुरपं धरावं तशी मूठ वळली. आणि ओठ उघडले.

"तोडली बाभूळ बाई, खोड ऱ्हायलं बांधाला,
फुटवा फुटला त्याला, पुसू नका गं कोनाला!"

तो आवाज! थोडा घोगरा, सुरुवातीला गंजलेल्या कडीसारखा कुरकुरला, आणि दुसऱ्या ओळीला असा मोकळा सुटला, की माईकची गरज उरली नाही. हसणारी पोरं उघड्या तोंडानं तशीच राहिली. बायनाबाई स्वतःच दचकल्या. त्यांनी आजूबाजूला बघितलं, जणू दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं. मग हळूच शेजारणीला म्हणाल्या, "ह्यात देव कुटं हुता गं?"

"न्हवताच की!" शेजारीण म्हणाली.

"न्हवताच," बायनाबाई म्हणाल्या. अठरा वर्षं त्यांना वाटत होतं, शब्द गेले तशी चालही गेली. देव टोपलीतून गेले, आणि टोपली विणणारे हात त्यांनी उगीच बांधून ठेवले होते.

पण विचार करायला वेळ कुठं होता? पलीकडून सुलाबाईनं ओवी उचललीसुद्धा.

"फुटव्याची सावली गं, माझ्या वावरात आली,
अठरा सालांनी मैतरीन, आज बोलाया लागली!"

"आगं बया!" वस्तीच्या सतरंजीवर हशा आणि टाळ्या. "झेला बायनाआत्या, झेला!"

"देव सोडले पान्यात, दुधना गं भरली,
गळा माझा माझ्यापाशी, त्याची धार न्हाई सरली!"

मग काय! सुलाबाई टाकतेय, बायनाबाई झेलतेय. बायनाबाई टाकतेय, सुलाबाई झेलतेय. एकीनं हेडमास्तरांच्या तंबाखूवर ओवी रचली, भगवानरावांची थाप हवेतच राहिली. दुसरीनं जिंतूरच्या एसटीवर रचली. पार्वतीबाईनं उठून म्हशी आटवणाऱ्या नवऱ्यावर एक टाकली, तेव्हा गाव पुन्हा लोळलं. या सगळ्या गडबडीत सुलाबाई झेलता झेलता पुढं सरकत, सरकत, सरकत ती हातभर जागा कधी ओलांडून आली, ते तिलाही कळलं नाही. पोखर्णीचा एक म्हातारा गाडीवरून ओरडला, "आवो, बैल खरंच थांबलेत!" बैल दुपारपासून बांधलेलेच होते, पण त्या क्षणी ते कुणालाच सांगवलं नाही.

आणि आश्रुबा सर? ते श्टेजवर खडू धरून उभे होते आणि तिसरा माणूस परत आला होता. "सुभानल्ला! माशाल्ला! क्या बात है माये! क्या बात है!" माईक चालू होता, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

शेवटी भगवानराव आभार मानायला उभे राहिले. "आज झरीत..." थाप. "लोककलेचं पुनरुज्जीवन..." थाप.

"ओ हेडमास्तर!" बायनाबाईंचा आवाज सतरंजीवरून आला, बिनमाईकचा. "मेलं कोन हुतं?"

"आं?"

"मेलं न्हवतं कोनी. झोपलं बी न्हवतं. तोडलं हुतं, मुळी जित्ती हुती. फुटवा म्हना, फुटवा."

भगवानरावांनी तंबाखूची चिमूट दाढेत सोडली आणि पहिल्यांदाच थापेशिवाय एक आख्खं वाक्य बोलले. "बरं बाई, फुटवा म्हनतो."

सोमवारी नववीच्या वर्गात सर आले. फळ्यावर चार शब्द अजून तसेच होते. कुणी पुसलेच नव्हते. सरांनी कानावरचा खडू काढला आणि चौघांच्या खाली पाचवा लिहिला. मग मागं सरकून बघत राहिले.

"सर," मागच्या बाकावरून आवाज आला, "परीक्षेत पाचवा लिवला तर मार्क?"

"बिलकुल न्हाई," सर म्हणाले. "तपासनारा रेघ मारंल. प्रबोधनच लिव्हा." मग सोगा डाव्या हातात धरून खिडकीकडं वळले. शाळेमागच्या वावरात बाया खुरपत होत्या. बायनाबाईंची ओळ बांधाकडून उठून पुन्हा मधोमध आली होती, सुलाबाईच्या शेजारी. शब्द सगळे ऐकू येत नव्हते, पण चाल कळत होती.

"खिडक्या उघडा रे," सर म्हणाले. "तमाम खिडक्या."